शिरोडकरांचा टाका

तुम्ही कधी सकाळच्या वेळी मालवणच्या किनाऱ्यावर गेला आहात का? होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात. त्यांच्या सावलीत बसून मच्छीमार फाटलेली जाळी सांधत असतात. त्यांच्या हातातील सुई नीट पाहा. ती शिंप्याच्या सुईसारखी नसते. ती चपटी असते आणि आपल्या अंगावरच दोरा गुंडाळून घेते. शिंप्याच्या सुईने जाळे सांधता येत नाही आणि जाळ्याच्या सुईने सदरा शिवता येत नाही. जसे काम तशी सुई.

आज आपण ज्या माणसाची ओळख करून घेणार आहोत, त्याच्या नावानेही एक सुई आहे. ती डॉक्टरांची सुई आहे. त्या माणसाचे नाव डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर.

शिरोडकर म्हणजे शिरोड्याचे. सिंधुदुर्गातील मुलांना हे नाव ऐकताच वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा आठवेल. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला ते हे गाव. प्रसिद्ध लेखक वि. स. खांडेकर येथील शाळेत शिक्षक होते. पण डॉक्टरांचे शिरोडा दुसरे. ते गोव्यात, फोंडा तालुक्यात आहे. आज मोटारीने एका दिवसात दोन्ही गावे पाहून परत येता येते. डॉक्टरांचा जन्म झाला त्या १८९९ साली मात्र या दोन गावांच्या मध्ये सरहद्द होती. इकडे इंग्रजांचे राज्य, तिकडे पोर्तुगिजांचे. गोवा मुक्त झाला तो १९६१ साली.

शिरोडकरांचे शिक्षण हुबळीला व पुण्याला झाले. पुढे डॉक्टर होण्यासाठी ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. हे कॉलेज १८४५ साली सुरू झालेले, आपल्या देशातील जुन्या वैद्यकीय कॉलेजांपैकी एक. जे. जे. रुग्णालय त्याच्याच आवारात आहे. १९२३ साली ते डॉक्टर झाले. १९२७ साली त्यांनी प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोग या विषयांत एम. डी. ही पदवी मिळवली आणि १९३१ साली इंग्लंडमध्ये शस्त्रवैद्याची एफ. आर. सी. एस. ही परीक्षा उत्तीर्ण केली. तेथून परत आल्यावर ते जे. जे. रुग्णालयात काम करू लागले व कालांतराने ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक झाले.

आता त्यांच्यासमोर येणाऱ्या काही स्त्रियांचे दुःख समजून घेऊ. एखाद्या बाईला दिवस जात. तीन-चार महिने सर्व ठीक असे. घरात आनंद असे. आणि मग चौथ्या ते सातव्या महिन्यांच्या दरम्यान, विशेष काही दुखले-खुपले नसताना, गर्भ पडून जाई. पुन्हा दिवस जात, पुन्हा तेच होई. एकदा नाही, दोनदा नाही, अनेक वेळा. तुम्हीच कल्पना करा, त्या बाईचे काय होत असेल! लोक तिच्या नशिबाला दोष देत. कुणी नजर लागली म्हणे, कुणी शाप आहे म्हणे. नवऱ्याने दुसरे लग्न करावे, असे सांगणारेही निघत. डॉक्टर तिला अंथरुणावर पडून राहायला सांगत, औषधे देत. पण पुष्कळदा त्याचा उपयोग होत नसे.

काही डॉक्टरांच्या लक्षात आले होते की अशा स्त्रियांमध्ये दोष गर्भाचा नसतो. गर्भाशयाचे तोंड दुबळे असते. शिरोडकरांचेही तेच मत होते. धान्य भरलेल्या पोत्याचे उदाहरण घ्या. पोते अर्धे भरलेले असताना तोंड सैल बांधले तरी चालते. ते जसजसे भरत जाईल, तसतसा तोंडावर भार येतो. सुतळी कच्ची असेल तर धान्य सांडते. मग धान्याला बोल लावून काय उपयोग? तोंड घट्ट बांधले पाहिजे.

अमेरिकेतील काही डॉक्टरांनी असे दुबळे तोंड दुरुस्त करून पाहिले होते. पण ते शस्त्रक्रिया करीत, ती बाईला दिवस गेलेले नसताना. शिरोडकरांनी अधिक धाडसाचा मार्ग धरला. गर्भ पोटात वाढत असतानाच गर्भाशयाच्या तोंडाभोवती टाका घालायचा, ते आवळून ठेवायचे आणि दिवस भरत आले की टाका कापून टाकायचा. तुम्ही उर्दूत ज्याला टांका म्हणता, तोच हा टाका. ऐकायला सोपे वाटते. पण जरा विचार करा. जागा अतिशय अरुंद आणि नाजूक. हात थोडा चुकला तर ज्या बाळाला वाचवायचे, तेच हातचे जायचे.

टाका कशाचा घालावा, हाही प्रश्न होता. साधा दोरा तेथील मऊ मांसात रुतून ते कापील, अशी भीती होती. आपल्या मांडीच्या स्नायूंवर एक पांढरे, चिवट आवरण असते. शिरोडकर त्या बाईच्याच मांडीतून या आवरणाची एक अरुंद पट्टी काढून घेत आणि तिचाच टाका घालीत. स्वतःच्या शरीराचा भाग असल्यामुळे शरीर तो परका मानत नसे. पण त्यासाठी मांडीवर एक जादा जखम करावी लागे, हे खरेच. पुढे कृत्रिम धाग्याची विणलेली पट्टी मिळू लागली आणि मांडीची जखम टळली.

ही पट्टी आत फिरवायची कशी? सरळ सुई तेथे वळणार नाही. यासाठी जी सुई वापरतात, ती शिरोडकरांच्या नावाने ओळखली जाते. तिला धरायला लांब दांडा असतो. पुढचा भाग बाकदार असतो. तिचे नेढे मागे नसून टोकाजवळ असते, शिवणयंत्राच्या सुईला असते तसे. सुई कडेने आत शिरते, वळसा घेते, टोक बाहेर येते, मग नेढ्यात पट्टी ओवायची आणि सुई आल्या वाटेने परत ओढायची. शिरोडकरांनी आपल्या कामासाठी आणखीही काही हत्यारे तयार केली.

डॉक्टरने हत्यारे तयार करायची, हे तुम्हांला विचित्र वाटेल. पण रोग्याजवळ जो रोज उभा असतो, त्यालाच कोठे अडते ते कळते. डॉक्टरांच्या गळ्यातील स्टेथॉस्कोपचे असेच झाले. फ्रान्समध्ये रेने लेनेक नावाचे डॉक्टर होते. तेही समुद्राजवळच्या मुलखातले. १८१६ साली एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावून ठोके ऐकणे त्यांना संकोचाचे वाटले. त्यांनी कागदाची सुरळी करून ती छातीवर टेकवली. ठोके आधीपेक्षा स्पष्ट ऐकू आले! मग त्यांनी स्वतः लाकूड कातून पोकळ नळ्या बनवल्या. १८१९ साली त्यांचा ग्रंथ निघाला, तेव्हा ग्रंथाबरोबर ही नळीही विकत मिळू लागली. डॉक्टर, सुतार आणि थोडासा व्यापारी, अशी तीन कामे एका माणसाने केली.

कल्पना सुचली म्हणजे हत्यार तयार झाले, असे मात्र नाही. चित्र काढावे लागते. कुशल कारागीर लागतो. मालवणच्या खाऱ्या हवेत लोखंडाच्या कोयत्यावर चार दिवसांत गंज चढतो, हे तुम्ही पाहिले असेल. डॉक्टरांचे हत्यार तर पुन्हा पुन्हा उकळावे लागते, म्हणून पोलादही न गंजणारे हवे. बाक जरा कमी-जास्त झाला की ते परत कारागिराकडे जाते. हल्ली काही डॉक्टर आपल्या कल्पनेतील उपकरण बनवण्यासाठी स्वतःच कंपनी काढतात. त्यांना भांडवल उभे करावे लागते, चाचण्या द्याव्या लागतात, सरकारी परवाना घ्यावा लागतो. भारतात वैद्यकीय उपकरणांसाठी वेगळे नियम २०१७ साली झाले. शिरोडकरांच्या काळी असे नियम नव्हते. त्यामुळे काम लवकर होई, पण सारी जबाबदारीही डॉक्टरच्याच शिरावर असे.

१९५५ साली मद्रासहून निघणाऱ्या एका वैद्यकीय मासिकात शिरोडकरांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. ती जगभर पसरली. दोनच वर्षांनी, १९५७ साली, ऑस्ट्रेलियातील डॉ. मॅकडोनल्ड यांनी तिचे सोपे रूप मांडले. आजीच्या बटव्याचे तोंड नाडीने आवळावे, तसा त्यांचा टाका. त्यासाठी चिरफाड कमी लागते, म्हणून पुष्कळ डॉक्टर तोच पसंत करतात. यात शिरोडकरांना कमीपणा नाही, असे मला वाटते. एकाने पायवाट पाडली म्हणून दुसऱ्याला रस्ता करता आला. टाका प्रत्येक बाईला उपयोगी पडतो असेही नाही. आज डॉक्टर सोनोग्राफीने गर्भाशयाच्या मुखाची लांबी मोजतात आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांनाच तो घालतात.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १९४९ साली मुंबईत कुटुंबनियोजनाचा प्रचार करणारी संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत शिरोडकर होते. मूल वाचावे म्हणून धडपडणारा डॉक्टर मुले कमी असावीत असे कसे म्हणतो, असा प्रश्न तुम्हांला पडेल. पण दोन्ही ठिकाणी त्यांच्या डोळ्यांसमोर एकच व्यक्ती होती, ती म्हणजे आई. वारंवार बाळंतपणाने खंगलेली बाई आणि वारंवार गर्भ पडल्याने खचलेली बाई, दोघीही त्यांच्याच दवाखान्यात येत.

भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला. ७ मार्च १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. शस्त्रक्रियेची हत्यारे विकणाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव आजही छापलेले असते. त्यांच्या सुया जोडीने मिळतात : एक डावीकडे वळलेली, एक उजवीकडे.