फिरत्या खांबांचे जहाज

फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेतच बाजूला का सरकतो, हे शाळकरी मुलालाही कुतूहल असते. फिरत्या वस्तूच्या एका अंगाची हवा वेगाने वाहते, दुसऱ्या अंगाची मंदावते. जेथे वेग अधिक तेथे दाब कमी, आणि वस्तू तिकडेच ओढली जाते. मॅग्नस या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अभ्यासिलेल्या या तत्त्वावर मालवाहू जहाज चालविण्याचे धाडस मात्र एका शाळामास्तराने केले.

अँटोन फ्लेटनर यांचा जन्म १८८५ साली फ्रँकफुर्टजवळील एडर्सहाइम येथे झाला. गणित व पदार्थविज्ञान शिकविणारा हा शिक्षक पुढे संशोधनाकडे वळला. १९२४ साली त्यांनी ‘बुकाऊ’ या जहाजावरील शिडे उतरवून तेथे सुमारे १५ मीटर उंचीचे दोन पोकळ खांब उभे केले. विजेच्या मोटारींनी ते फिरविले, की आडवा वारा जहाजाला पुढे रेटीत असे. तेवढ्याच आकाराच्या शिडाहून हा जोर कितीतरी अधिक होता. शिवाय डोलकाठीवर चढण्यासाठी खलाशांची गरज उरली नव्हती. १९२६ साली हे जहाज अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोचले. स्वागत जंगी झाले, परंतु मागणी आली नाही. इंधन स्वस्त होते आणि इंजिनाला वाऱ्याची वाट पाहावी लागत नव्हती. १९३१ साली ते जहाज कॅरिबियन समुद्रातील वादळात नष्ट झाले.

फ्लेटनर मग हेलिकॉप्टरकडे वळले. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे ‘कोलिब्री’ जर्मन नौदलाने वापरले. पत्नी ज्यू असताना ज्यूंचा संहार करणाऱ्या राजवटीसाठी त्यांनी यंत्रे घडविली, हा त्यांच्या चरित्रातील काळा अध्याय होय. युद्धानंतर ते अमेरिकेत गेले. तेथेच १९६१ साली त्यांचे निधन झाले.

काळाचा न्याय मात्र विलक्षण असतो. २०१० साली चार फिरत्या खांबांचे जर्मन मालवाहू जहाज समुद्रात उतरले. २०१८ साली तर ३० मीटर उंचीचे दोन खांब चक्क एका तेलवाहू जहाजावर उभे राहिले, आणि वर्षभरात इंधनाची सुमारे आठ टक्के बचत झाली. या अवधीत निसर्गाचे नियम बदलले नव्हते. व्यापाऱ्याच्या खातेवहीत धुराची किंमत तेवढी मांडली गेली नव्हती. ती मांडण्याची वेळ आली, तेव्हा जगाला या विस्मृत शाळामास्तराची आठवण झाली.