जखमींचे वाली हेन्री ड्यूनांट

राजे, सेनापती आणि शास्त्रज्ञ यांची चरित्रे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचताच. म्हणून मी या वेळी आपल्या भित्तिपत्रकासाठी एका व्यापाऱ्याचे चरित्र निवडले आहे. या व्यापाऱ्याला धंदा काही नीट जमला नाही. हातात तलवार तर त्याने कधी धरलीच नाही. पण लढाई चालू असतानासुद्धा माणसाने माणसाशी कसे वागावे याचा जो कायदा आज सगळ्या जगात आहे, त्याची सुरुवात या माणसापासून झाली. त्यांचे नाव हेन्री ड्यूनांट.

हेन्रीचा जन्म ८ मे १८२८ रोजी स्वित्झर्लंडमधल्या जिनीव्हा शहरी झाला. घरचे खाऊनपिऊन सुखी. वडील अनाथ मुलांसाठी आणि तुरुंगातून सुटलेल्या माणसांसाठी काम करीत, आई गोरगरिबांची आणि आजाऱ्यांची विचारपूस करी. तेच वळण मुलाला लागले. अभ्यासात मात्र स्वारी मागे! गुण कमी पडले म्हणून विद्यालय सोडावे लागले आणि हेन्री एका सराफी पेढीवर उमेदवारीला राहिला. (हे वाचून कुणी दप्तर फेकून देऊ नये.)

पेढीच्या कामानिमित्त ते उत्तर आफ्रिकेत अल्जीरियाला गेले. तो देश त्या वेळी फ्रान्सच्या ताब्यात होता. तिथे जमीन घ्यावी, गहू पिकवावा, पिठाच्या गिरण्या काढाव्यात असा त्यांचा बेत. ओळखीच्या लोकांनी त्यात पैसे घातले. पण जमिनीचा आणि पाण्याचा हक्क काही मिळेना. अर्ज या कचेरीतून त्या कचेरीत! कचेरीच्या खेपा म्हणजे काय ते आपल्या घरच्या मोठ्या माणसांना सांगायला नको. शेवटी वैतागून ड्यूनांट यांनी थेट फ्रान्सच्या बादशहालाच, म्हणजे तिसऱ्या नेपोलियनलाच, गाठायचे ठरवले. बादशहा त्या वेळी उत्तर इटलीत ऑस्ट्रियाच्या सैन्याशी लढत होता. ड्यूनांट गाडी करून तिकडे निघाले. स्वतःच्या कामासाठी निघाले होते, हे ध्यानात ठेवा.

२४ जून १८५९. सोल्फेरिनो या गावाजवळ एका बाजूला फ्रान्स आणि सार्डिनिया, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रिया अशी तुंबळ लढाई झाली. दोन्हीकडचे मिळून जवळजवळ तीन लाख सैनिक. संध्याकाळपर्यंत हजारो मेले आणि त्याहून कितीतरी जास्त जखमी होऊन पडले. ड्यूनांट जवळच्या कास्तिल्योने गावात पोचले, तो तिथे जखमींचा नुसता लोट लागलेला. चर्च भरली, घरे भरली, रस्त्यावर गवत टाकून त्यावर माणसे निजवली. पाणी नाही, पट्ट्या नाहीत, डॉक्टर मूठभर. बरे होऊ शकणारी माणसेसुद्धा तहानेने आणि जखमा चिघळून जात होती.

ड्यूनांट काही डॉक्टर नव्हते. अंगावर प्रवासाचे पांढरे कपडे, आणि जखमेचे ज्ञान तुमच्या-माझ्याइतकेच. तरी बादशहाचे काम बाजूला ठेवून ते गावातल्या मोठ्या चर्चमध्ये शिरले. गावच्या बायका गोळा केल्या. जखमा धुवायच्या, पाणी पाजायचे, मरणाऱ्याचा हात हातात धरून बसायचे आणि त्याचा घरचा निरोप लिहून घ्यायचा. आपल्या गाडीवानाला त्यांनी ब्रेशिया शहरात पिटाळले. तो परत आला तेव्हा गाडीत लिंबे, साखर, सदरे, पट्ट्या, टाचण्या, तंबाखू असा माल भरलेला होता. आणि पाणी कुणी आणले असेल? तुमच्याएवढ्या पोरांनी. बादल्या आणि झाऱ्या घेऊन गावची पोरे कारंज्यापासून चर्चपर्यंत सारख्या खेपा घालीत होती.

यातली मला सगळ्यांत मोठी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. त्या बायकांनी कुणालाही तू कोणत्या बाजूचा, असे विचारले नाही. ऑस्ट्रियाचा शिपाई म्हणजे शत्रू. पण त्याचीही जखम तशीच धुतली, त्यालाही तेच पाणी. फ्रेंचांनी पकडलेल्या ऑस्ट्रियन डॉक्टरांना सोडा, म्हणजे तेही उपचार करतील, अशी खटपट ड्यूनांट यांनी केली आणि ती सफल झाली.

आता जरा कबड्डी आठवा. बाद होऊन बाहेर बसलेल्या गड्याला कुणी पकडायला जातं का? नाही ना! जखमी होऊन हत्यार खाली पडलेला शिपाई हा असाच बाद झालेला गडी आहे. त्याच्याशी आता लढाई नाही. ड्यूनांट यांना हे त्या चर्चमध्ये समजले. पण खेळाला पंच असतो, नियम आधी ठरलेले असतात. लढाईत असे काहीच लिहून ठेवलेले नव्हते.

घरी परतल्यावर त्यांना चैन पडेना. डोळ्यांनी पाहिलेले सारे त्यांनी एका पुस्तकात लिहिले आणि १८६२ साली पदरच्या पैशाने त्याच्या १६०० प्रती छापल्या. पुस्तकाच्या शेवटी दोन सूचना होत्या. जखमींची सेवा करणारी मंडळे प्रत्येक देशाने शांततेच्या काळातच तयार ठेवावीत, ही पहिली. या कामाला धक्का लागणार नाही असा करार सगळ्या देशांनी करावा, ही दुसरी. पुस्तक युरोपभर गेले. १८६३ च्या फेब्रुवारीत जिनीव्हाला पाच जणांची समिती झाली. तिचीच पुढे रेडक्रॉस संघटना झाली. २२ ऑगस्ट १८६४ ला बारा देशांनी पहिल्या जिनीव्हा करारावर सह्या केल्या. करार अवघा दहा कलमांचा. जखमी कोणत्याही देशाचा असो, त्याची शुश्रूषा झाली पाहिजे. डॉक्टर, दवाखाने आणि जखमींना नेणाऱ्या गाड्या यांच्यावर हल्ला करायचा नाही. आणि जे गावकरी जखमींना मदत करतील त्यांना त्रास द्यायचा नाही. कास्तिल्योनेच्या बायकापोरांनी जे केले ते असे कायद्यात आले. ओळखू यावे म्हणून पांढऱ्यावर तांबडी फुली ही खूण ठरली, म्हणजे स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे केले. पुढे काही देशांनी तांबडी चंद्रकोर घेतली.

जाता जाता सांगतो, ही फुली म्हणजे दवाखान्याची पाटी नव्हे. बाजाराच्या गावी कित्येक औषधांच्या दुकानांवर ती रंगवलेली दिसते, पण आपल्या देशात १९६० च्या कायद्याने तशी मनाई आहे. उगाच कुठेही वापरली तर लढाईत तिचा मान कोण राखील?

ड्यूनांट यांचे स्वतःचे मात्र वाईट झाले. जिनीव्हा करारापायी धंद्याकडे दुर्लक्ष, आणि अल्जीरियाचा धंदा मुळातच कच्चा. १८६७ साली त्यांचे दिवाळे निघाले. त्यात दुसऱ्यांचेही पैसे बुडाले, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. समितीतून त्यांना काढले. जिनीव्हा सुटले ते कायमचे. पॅरिसमध्ये पावाच्या तुकड्यावर दिवस काढले. कोट विटला की शाईने काळा करायचा, कॉलर मळली की खडूने पांढरी करायची! तिकडे रेडक्रॉस देशोदेशी वाढत होती, आणि ती सुचवणारा माणूस जिवंत आहे की नाही हे फारसे कुणाला ठाऊक नव्हते.

त्यांच्यामागे कायदा वाढतच गेला. पहिला करार जखमी सैनिकांपुरता होता. १९४९ साली चार करार झाले, त्यांत युद्धकैदी आले आणि शेतात, घरात, शाळेत असणारी साधी माणसेही आली. आज १९६ देश या करारांना बांधलेले आहेत. तरी दवाखान्यांवर बाँब पडतात, मग उपयोग काय, असे सातवीची मुले मला विचारतात. प्रश्न बरोबर आहे. कायदा मोडणारे आहेतच. पण १९७१ च्या युद्धात नव्वद हजारांवर पाकिस्तानी कैदी आपल्या ताब्यात आले, तेव्हा रेडक्रॉसचे लोक छावण्यांत जाऊन त्यांना भेटत होते, आणि १९७३-७४ मध्ये ते कैदी आपल्या मुलाबाळांत परत गेले. त्या घरांना विचारा उपयोग काय.

ड्यूनांट अखेर स्वित्झर्लंडमधल्या हायडेन गावी आले आणि १८९२ पासून तिथल्या इस्पितळातल्या एका खोलीत राहिले. १८९५ साली एका पत्रकाराने त्यांना शोधून त्यांच्यावर लेख लिहिला, तेव्हा जगाला आठवण झाली. १९०१ साली शांततेचे पहिलेवहिले नोबेल पारितोषिक फ्रान्सच्या फ्रेदेरिक पासी यांच्याबरोबर त्यांना मिळाले. त्या पैशाला त्यांनी हात लावला नाही. ३० ऑक्टोबर १९१० ला ते वारले. झुरिकला त्यांचे दफन झाले, समारंभ नको अशी त्यांची इच्छा होती. मृत्युपत्रात त्यांनी हायडेनच्या इस्पितळात एक खाट ठेवायला सांगितली. गावातल्या गरीब आजाऱ्यासाठी, फुकट.