राज्य नसलेला राजा : तंजावरचे सरफोजी महाराज

दक्षिण यात्रेला निघालेली मराठी मंडळी तंजावरला उतरतात, बृहदीश्वराचे दर्शन घेतात आणि तास-दोन तासांत रामेश्वरच्या वाटेला लागतात. राजराज चोळाने इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण केलेले ते प्रचंड विमान आणि तो एकसंध पाषाणाचा नंदी पाहता पाहता वेळ निघून जातो. त्यामुळे प्राकाराच्या भिंतीकडे जायचे राहून जाते. त्या भिंतीवर दगडात कोरलेली बालबोध अक्षरे आहेत आणि ती मराठी आहेत. भोसले कुळाचा सगळा वृत्तान्त सांगणारा भोसलेवंशचरित्र हा लेख बाबुराव चिटणीस यांनी रचला आणि तो १८०३ साली तेथे कोरविण्यात आला. मराठी भाषेतील एवढा विस्तृत शिलालेख महाराष्ट्रात नाही. तो कावेरीच्या खोऱ्यात, तमिळ देशात, चोळांच्या देवळात आहे. तो ज्यांनी कोरविला त्या सरफोजी राजांची ही कथा.

प्रथम नावाविषयी थोडेसे. अहमदनगरच्या शाहशरीफ पिराच्या कृपेने पुत्र झाले म्हणून मालोजी भोसल्यांनी मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, हे आपणांस ठाऊक आहे. त्या शरीफजीचे बोलण्यात सरफोजी झाले आणि तंजावरच्या पंडितांनी त्याला संस्कृत वेष चढवून शरभोजी व शरभेंद्र केले. एका मुसलमान साधूचे नाव असे दरबारी कवींच्या श्लोकांत जाऊन बसले.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू एकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावरला मराठी राज्य स्थापिले. पुढे शंभर वर्षांनी तुळजाजी राजांच्या काळात त्या राज्याची दशा केविलवाणी झाली होती. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने इंग्रजी फौजेच्या साहाय्याने ते गिळले आणि १७७६ मध्ये कंपनीनेच ते परत देवविले. तुळजाजींची मुले एकामागून एक वारली. तेव्हा १७८७ साली, मृत्यू समोर दिसत असता, त्यांनी भोसल्यांच्याच दुसऱ्या शाखेतील एक मुलगा दत्तक घेतला. हा मुलगा म्हणजे सरफोजी. त्यांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा.

तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग यांनी गादीवर हक्क सांगितला. मद्रासच्या गव्हर्नरने पंडितांचे मत घेतले. मुलगा दहा वर्षांहून मोठा आहे, तो बापाचा एकुलता एक आहे आणि दत्तविधानाच्या वेळी तुळजाजींची बुद्धी ठिकाणावर नव्हती, असे तीन आक्षेप निघाले आणि दत्तक अशास्त्र ठरला. काही वर्षांनी कंपनीने पुन्हा पंडितांना विचारले, तेव्हा तोच दत्तक सशास्त्र ठरला! धर्मशास्त्र तेच होते. मधल्या काळात अमरसिंगाचा कारभार कंपनीच्या मनातून उतरला होता, एवढाच फरक.

मधली वर्षे मात्र त्या पोराने कशी काढली असतील याची कल्पना करवत नाही. त्याला अंधाऱ्या जागेत कोंडून ठेवले होते आणि शिक्षण जवळजवळ बंद होते. त्याची दाद घेतली ती श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने. तुळजाजींनी मरणापूर्वी मुलाला या पाद्र्याच्या पदरात घालू पाहिले होते; तेव्हा त्याने ती जबाबदारी नाकारली होती. पण मुलाचे हाल समजल्यावर तो स्वस्थ बसला नाही. त्याने मद्रास सरकारकडे लकडा लावला आणि १७९३ मध्ये सरफोजी व तुळजाजींच्या विधवा राण्या यांना मद्रासला हलविण्यात आले. तेथे गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्यापाशी त्यांचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले.

१७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी जूनमध्ये सरफोजी गादीवर बसले. या उपकारकर्त्याचे संगमरवरी स्मारक त्यांनी इंग्लंडचा नामवंत शिल्पकार फ्लॅक्समन याच्याकडून करवून आणले. मृत्युशय्येवरील पाद्री आणि शेजारी उभा असलेला तरुण राजा असे ते शिल्प तंजावरच्या किल्ल्यातील चर्चमध्ये आहे. थडग्यासाठी राजांनी स्वतः इंग्रजीत पद्य रचले. एवढे असूनही ते कधी ख्रिस्ती झाले नाहीत. देवधर्म, श्राद्धपक्ष आणि यात्रा यांत त्यांनी खंड पडू दिला नाही. अनेक मिशनऱ्यांना याचे नवल वाटत राहिले.

गादी मिळाली ती फार दिवस गादी राहिली नाही. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावर प्रांताचा सगळा कारभार कंपनीने घेतला. राजांकडे राहिला तो किल्ला, वर्षाला एक लाख पॅगोडा म्हणजे सुमारे साडेतीन लाख रुपये, आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. त्या वेळी त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. फौज नाही, न्याय नाही, महसूल नाही. या स्थितीत आपल्याकडच्या अनेक संस्थानिकांनी काय केले ते इतिहासात नमूद आहे. त्याची उजळणी येथे नको.

सरफोजींनी पहिली झुंज दिली ती अन्नछत्रांसाठी. तंजावरच्या मराठी राजांनी रामेश्वरच्या वाटेवर ठिकठिकाणी छत्रे बांधली होती आणि त्यांपैकी बहुतेकांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे होती : यमुनांबा, सुलक्षणांबा, द्रौपदांबा. प्रांत गेला तेव्हा छत्रांची गावेही कंपनीच्या घशात जाणार अशी चिन्हे दिसू लागली. १८०१ च्या आरंभी राजांनी रेसिडेंटला एक लांबलचक पत्र लिहिले. ते पत्र म्हणजे छत्रांच्या दैनंदिन व्यवहाराचे साद्यंत वर्णन आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत जो येईल त्याला शिजविलेला भात मिळतो. जोगी, जंगम, बैरागी यांना मिळतो. ज्यांना शिजविलेले चालत नाही त्यांना कोरडा शिधा मिळतो. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असेल तर यावे, अशी हाक दिली जाते. वाटसरू आजारी पडला तर वैद्य त्याला औषध देतो आणि बरा होईपर्यंत ठेवून घेतले जाते. मेला तर त्याच्या जातीच्या रीतीने अंत्यसंस्कार होतो. तान्ह्या मुलांना दूध मिळते. वाटेतच दिवस भरलेल्या बाईचे बाळंतपण घरच्यासारखे होते. अनाथ मुलांना शिकविले जाते. हे सगळे पूर्वजांनी चालविले आणि माझ्या वेळी बंद पडले, तर तो कलंक पुसता येणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. छत्रांची व्यवस्था राजांकडे राहिली. राज्य वाचविण्यासाठी त्यांनी एवढ्या कळवळ्याने पत्र लिहिले नसावे, असे ते वाचताना वाटते.

त्याच सुमारास ओरत्तनाडू येथे त्यांनी स्वतःचे एक छत्र उभारले आणि त्याला मुक्तांबा या आपल्या दिवंगत प्रिय स्त्रीचे नाव दिले. ती त्यांची लग्नाची राणी नव्हती. तेथे अन्नदानाबरोबर विनामूल्य पाठशाळा होती आणि तीत अनेक भाषा शिकविल्या जात. त्यांत इंग्रजीही होती.

वाड्यातला त्यांचा संसार हा निराळाच होता. सरस्वती महाल हे ग्रंथालय नायक राजांच्या काळापासूनचे. पण आज आपण पाहतो ते भांडार मुख्यतः सरफोजींचे. त्यांनी चार हजारांहून अधिक युरोपीय ग्रंथ मागविले. डॉ. जॉन्सनचा इंग्रजी कोश तेथे आहे. चीनमधील शिक्षाप्रकारांच्या चित्रांचे पुस्तक आहे. ल ब्रुन या फ्रेंच चित्रकाराने माणसांचे चेहरे आणि पशूंची तोंडे यांची तुलना करणारी जी चित्रे काढली तीही आहेत. घुबडासारखा माणूस आणि घुबड शेजारी शेजारी पाहून यात्रेकरूंची मुले आजही हसतात. ग्रंथांच्या शेजारच्या दालनात हवा ओढून घेण्याचा पंप, विजेचे यंत्र, खगोल पाहण्याची साधने आणि हस्तिदंताचा एक मानवी सांगाडा होता. राजांना शरीरशास्त्र शिकायचे होते. पण प्रेताच्या हाडांना हात लावायचा म्हणजे विटाळ. सोवळेही राहिले आणि शास्त्रही हाती आले अशी ही तोड!

वैद्यकाचा नाद केवळ सांगाड्यापुरता नव्हता. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी व विलायती उपचारांचे अनुभव पडताळून पाहत आणि गुणकारी ठरलेली औषधे शरभेंद्र या नावाने तमिळ पद्यांत ग्रथित करीत. नेत्ररोगांची टिपणे विशेष पाहण्यासारखी आहेत : रुग्णागणिक हकीकत, आणि सोबत रुग्णाच्या डोळ्यांची रंगीत चित्रे. बालपणी ज्याला अंधारात कोंडले त्यानेच डोळ्यांच्या दुखण्यांचा एवढा ध्यास घ्यावा, याचा अर्थ कोणी लावू म्हणेल. मी लावीत नाही.

१८०५ च्या सुमारास त्यांनी वाड्यात देवनागरी छापखाना घातला. त्याचे नाव नवविद्याकलानिधि वर्णयंत्रशाळा. नावच एवढे लांब की ते छापायलाच अर्धी ओळ लागावी. सख्खण पंडिताने मराठीत आणलेल्या इसापच्या गोष्टी बालबोधमुक्तावली या नावाने १८०६ मध्ये येथे छापल्या गेल्या. मराठीतील अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांत तिची गणना होते. पेशवाई तेव्हा चालू होती आणि पुण्यात मराठी छापखाना नव्हता.

राजांच्या स्वतःच्या मराठी रचनांत देवेंद्र कुरवंजी मला सर्वांत मोहक वाटते. कुरवंजी हा तमिळ देशातील लोकप्रिय नाट्यप्रकार. त्यात डोंगरातली कुरत्ती बाई येते, नायिकेचा हात पाहते, आणि आपण कोठे कोठे हिंडलो ते गाऊन सांगते. सरफोजींनी ही नायिका इंद्राणी केली आणि कुरत्तीच्या तोंडी पृथ्वीचा नवा भूगोल घातला. ती खंडे, देश आणि शहरे सांगत सुटते. ज्या गाण्यातून एरवी त्रिकूट आणि मलय पर्वत यायचे त्यातून मराठी भाषेत युरोप व अमेरिका आल्या. नाचासाठी त्यांनी मराठी पदे रचली. ज्या चार बंधूंनी भरतनाट्याच्या कार्यक्रमाला आजचा क्रम दिला ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू याच दरबारातले.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी सांगताना थोडे अवघडल्यासारखे होते. तंजावरच्या दक्षिणेला समुद्रकाठी मनोरा नावाची आठ मजली षट्कोनी इमारत आहे. मिनार या शब्दाचेच ते रूप. इंग्रजांच्या विजयाचे आणि नेपोलियनच्या पाडावाचे स्मारक म्हणून ती सरफोजींनी बांधली आणि तसा लेख मराठीसह अनेक भाषांत तेथे लावला. वॉटर्लूच्या लढाईचे हे स्मारक असे सर्रास सांगितले जाते. पण लेखावरील साल १८१४ आहे आणि वॉटर्लू १८१५ ची. तेव्हा हा आनंदोत्सव नेपोलियनच्या पहिल्या पदत्यागाचा. ज्यांनी आपले राज्य घेतले त्यांच्या जयाचा स्तंभ एका भोसल्याने उभारावा, हे आपल्याला रुचत नाही. खुशामत म्हणावी तर ती आहेच. परंतु ग्रंथ, यंत्रे, छत्रे, यात्रेची परवानगी, सगळेच कंपनीच्या मर्जीवर अवलंबून होते, हेही विसरता येत नाही.

यात्रेची परवानगी मिळाली ती १८२० च्या सुमारास. सुमारे तीन हजारांचा लवाजमा घेऊन राजे काशीस गेले. परतताना संस्कृत हस्तलिखितांचा मोठा संग्रह तंजावरला आला. या प्रवासावर त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या रचल्या गेल्या; गयावर्जनाच्या प्रसंगालाही लावणीचे वावडे नव्हते.

१८२६ च्या मार्चमध्ये कलकत्त्याचे बिशप हीबर तंजावरला आले. पन्नाशीकडे झुकलेला, बळकट बांध्याचा, ससाण्यासारख्या नाकाडोळ्यांचा, भरघोस पांढऱ्या मिशांचा हा राजा त्यांना एखाद्या फ्रेंच सेनापतीसारखा दिसला. नेपोलियनच्या पाडावाचा स्तंभ बांधणाऱ्याला असे रूप लाभावे, ही दैवाची थट्टाच. लाव्हाझिए, लिनीअस, बुफाँ यांची नावे तो सहज घेतो, शेक्सपिअरविषयी त्याची मते नेमकी आहेत, आणि घोडा पारखण्यात व वाघावर नेम धरण्यात त्याचा हात धरणारा नाही, असे त्यांनी लिहून ठेवले. राजपुत्र शिवाजी अशक्त व निस्तेज होता. त्याला आपल्याबरोबर घेऊन शिकवावे असे हीबर यांनी सुचविले. पण आईने मुलाला सोडले नाही. काही दिवसांनी, ३ एप्रिलला, त्रिचनापल्लीस हीबर यांनाच मरण आले.

सरफोजी ७ मार्च १८३२ रोजी वारले. शिवाजी राजे १८५५ पर्यंत नावाची गादी सांभाळून निपुत्रिक गेले आणि कंपनीने किल्ला व वाडाही ताब्यात घेतला. कामाक्षीबाई राणीसाहेबांनी खासगी मालमत्तेसाठी दावा लावला. तो विलायतेत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८५९ मध्ये निकाल राणीच्या विरुद्ध लागला.

ग्रंथालय मात्र फुटले नाही. बर्नेल या इंग्रज पंडिताने तेथील संस्कृत हस्तलिखितांची सूची १८८० च्या सुमारास प्रसिद्ध केली आणि १९१८ साली मद्रास सरकारने ते सर्वांना खुले केले. तेथे मोडी कागदांची बाडेच्या बाडे आहेत : छत्रांचे हिशेब, पंडितांना दिलेली बिदागी, विलायतेहून मागविलेल्या वस्तूंच्या याद्या. ती वाचायला मोडी जाणणारी माणसे शोधून आणावी लागतात. मंदिरातून वाडा फार दूर नाही. यात्रेत तासभर अधिक काढता आला तर ग्रंथालयातील इंग्रजी पुस्तके अवश्य पाहावीत. त्यांवर राजांची स्वहस्ते केलेली सही आहे.