कुमारी यू ग्वान-सुन

कोरिया देशाची राजधानी सेऊल हिच्या जुन्या भागात जोंगदोंग नावाची पेठ आहे. तेथे तांबड्या विटांचे एक मेथॉडिस्ट प्रार्थनामंदिर असून जवळच इह्वा नावाची मुलींची शाळा आहे. कोरियाच्या स्वातंत्र्यासाठी झटलेल्या स्त्रियांचे स्मरण करीत जो कोणी या शहरातून पायी हिंडू इच्छील, त्याने या शाळेपासून निघावे आणि सोदेमुनच्या जुन्या तुरुंगापाशी थांबावे. अंतर फार नाही. या वाटेवर जिचे नाव वारंवार कानी पडते, त्या विद्यार्थिनीचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शाळेची हकीकत आधी थोडक्यात सांगितली पाहिजे. मेरी स्क्रँटन या मिशनरी बाईंनी ती १८८६ साली आपल्या घरी काढली, तेव्हा प्रथम एकच विद्यार्थिनी आली. कुलीन घरच्या मुलींनी उंबरठ्याबाहेर पडू नये, अशी त्या वेळची रीत होती. पुढे खुद्द राजाने शाळेस नासपतीच्या फुलावरून इह्वा हे नाव दिले आणि मुली हळूहळू येऊ लागल्या.

ग्वान-सुनचा जन्म १९०२ साली सेऊलच्या दक्षिणेस चोनान गावानजीकच्या एका खेड्यात झाला. घरची स्थिती बेताची. कुटुंब ख्रिस्ती असून विद्येची आस्था असणारे. ती आठ वर्षांचीही झाली नव्हती तोच, १९१० साली, जपानने तिचा देश आपल्या राज्यास जोडून घेतला. त्या भागात काम करणाऱ्या ॲलिस शार्प या मिशनरी बाईंनी मुलीची हुशारी हेरली आणि तीस इह्वा शाळेत पाठविले. शिक्षण फुकट, अट एवढीच की, पुढे तिने शिक्षिका व्हावे. सारे नीट चालते तर एखाद्या खेड्यातील शाळेत मुलांना अक्षरे गिरवावयास लावण्यात तिचा जन्म गेला असता, आणि तोही काही वाया गेला असता असे आम्ही म्हणणार नाही.

१९१९ च्या जानेवारीत माजी सम्राट कोजोंग वारले. त्यांच्या अंत्ययात्रेसाठी लोक राजधानीत जमले असता १ मार्च रोजी ३३ पुढाऱ्यांच्या सह्यांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. पॅगोडा बागेत तो मोठ्याने वाचला गेला आणि हजारो लोक निःशस्त्र रस्त्यांवर उतरले. मुख्याध्यापिका लुलू फ्राय यांनी शाळेतील मुलींना बाहेर जाऊ दिले नाही. ग्वान-सुन आणि तिच्या काही मैत्रिणी भिंतीवरून चढून गेल्या. त्या वेळी ती सोळा वर्षांची होती.

मुख्याध्यापिकांना कोणी भित्र्या म्हणेल, तर ते आम्हांस मान्य नाही. ज्यांच्या हवाली शेकडो आईबापांनी मुली केल्या आहेत, त्यांनी बंदुकांपुढे त्या जाऊ द्याव्यात काय? मुलींचे करणेही आम्हांस चुकीचे म्हणवत नाही.

थोड्याच दिवसांत सरकारने शाळा बंद केल्या. ग्वान-सुन आपल्या चुलत बहिणीसह गावी परतली, पण स्वस्थ बसली नाही. आसपासच्या खेड्यांतून घरोघर जाऊन तिने राजधानीतील वृत्तान्त सांगितला आणि १ एप्रिल रोजी औने येथील बाजाराच्या दिवशी सर्वांनी जमावे असे ठरले. आदल्या रात्री डोंगरावर जाळ करून इशारा दिला, असे सांगतात. बाजारात सुमारे ३००० लोक आले. तिने निशाणे वाटली. जपानी शिपायांनी गोळीबार केला व संगिनी चालविल्या. १९ माणसे मेली. त्यांत तिचा बाप होता आणि आईही होती. त्याच दिवशी कोंगजू शहरातील निदर्शनांत तिचा भाऊ पकडला गेला. एका दिवसात घर असे रिते झाले.

तीस कैद झाली. कोंगजूच्या न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली. अपिलात ती तीन वर्षांवर आली. आणखी वरच्या न्यायालयात तिने दाद मागितली नाही. सारा देशच तुरुंग झाला असता कोठे राहिले म्हणून काय, असा तिचा विचार होता म्हणतात.

सोदेमुनच्या स्त्रियांच्या आठ क्रमांकाच्या कोठडीत ती एकटी नव्हती. केसोंगच्या ओ युन-हुई होत्या. सुवोन येथील नाचगाणे करणाऱ्या स्त्रियांची पुढारीण किम ह्यांग-ह्वा होती. एक अंध स्त्री होती. एकीच्या कडेवर तान्हे मूल होते, आणि त्याची ओली दुपटी ग्वान-सुन आपल्या अंगावर गुंडाळून वाळवी, अशी आठवण सांगितली जाते. बाहेर ज्यांनी एका पंक्तीस बसून अन्न घेतले नसते, त्या तेथे एकत्र होत्या. ग्वान-सुनचे नाव सर्वांस ठाऊक झाले आणि या बायका मागे पडल्या, हे आम्हांस खटकते.

१ मार्च १९२० रोजी, चळवळीस वर्ष पुरे झाले तेव्हा, तुरुंगात पुन्हा जयघोष झाला. त्यात ग्वान-सुन पुढे होती. मारहाण व यातना सोसून ती खंगत गेली आणि २८ सप्टेंबर १९२० रोजी तेथेच वारली. अठरावे वर्ष अद्याप पुरे व्हावयाचे होते.

जिच्या भिंतीवरून ती चढून गेली होती, त्याच शाळेने पुढे होऊन तिचा देह मागून आणला. जॅनेट वॉल्टर या तेथील बाईंनी त्यास शेवटची वस्त्रे घातली. देहाची चिरफाड केली गेली होती, अशा कथा नंतर पसरल्या. वॉल्टरबाईंनी त्या खऱ्या नसल्याचे सांगितले आहे. जे घडले ते पुरेसे भयंकर आहे, त्यात भर घालण्याचे कारण नाही.

१९४५ साली जपानची सत्ता गेली. १९६२ साली कोरियाच्या सरकारने तीस मरणोत्तर सन्मान दिला व २०१९ साली तो सर्वोच्च श्रेणीचा केला. सोदेमुनचा तुरुंग १९८७ पर्यंत वापरात होता. १९९८ पासून तेथे संग्रहालय आहे, आणि शाळकरी मुले ते पाहण्यास जातात. तिला पुरले होते ती इतेवोन येथील दफनभूमी जपानी अमलातच मोडली गेली व थडगे नाहीसे झाले. गावाकडच्या डोंगरावर तिच्या नावाची समाधी बांधली आहे; ती रिकामी आहे.