एक टोपली सफरचंदे

रविवर्म्याची शकुंतला मागे वळून पाहते आणि तिचे मन आपल्याला कळते. पण बशीतल्या सफरचंदाला कोठले आले मन? या प्रश्नाचे उत्तर मला पॉल सेझान या फ्रेंच चित्रकाराच्या चरित्रात सापडले.

सेझानचा जन्म १९ जानेवारी १८३९ रोजी दक्षिण फ्रान्समधील एक्स या गावी झाला. वडील टोप्यांचे व्यापारी. पुढे १८४८ मध्ये त्यांनी भागीदारीत बँक काढली. शाळेत त्याच्याहून वर्षभराने लहान असा एक पोरका, गरीब मुलगा होता. त्याच्या बोलण्याची ढब पॅरिसची, म्हणून मुले त्याला छळत. वेगळ्या ढबीने बोलणाऱ्या मुलाचे वर्गात काय होते, हे आपल्या सीमाभागात वेगळे सांगायला नको! सेझानने त्याची बाजू घेतली आणि स्वतः मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी तो मुलगा टोपलीभर सफरचंदे घेऊन आला. तो मुलगा म्हणजे पुढे प्रसिद्धीस आलेला कादंबरीकार एमिल झोला. ही हकीकत सेझानने उतारवयात एका तरुण कवीला सांगितली.

वडिलांच्या इच्छेखातर सेझान कायदा शिकला. १८६१ मध्ये तो पॅरिसला गेला, निराश होऊन परतला आणि बँकेत बसला. आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना अशी आयती खुर्ची स्वप्नातही मिळत नाही. त्याला मात्र ती टोचू लागली. १८६२ मध्ये त्याने पुन्हा पॅरिस गाठले. तेथील सरकारमान्य प्रदर्शनाने त्याची चित्रे वर्षानुवर्षे नाकारली. सहचरी ऑर्तान्स आणि मुलगा यांना त्याने वडिलांपासून लपवून ठेवले होते. १८७८ मध्ये ते उघडकीस आले, वडिलांनी खर्चाचे पैसे कमी केले, तेव्हा झोलाने मदत पाठवली.

१८८६ मध्ये झोलाची एका अपयशी चित्रकारावरची कादंबरी प्रसिद्ध झाली. त्या नायकात अनेकांना सेझान दिसला. त्यानंतर ही जुनी मैत्री निवत गेली.

सफरचंदे मात्र सुटली नाहीत. सतराव्या शतकातले डच चित्रकार किडलेले फळ किंवा कवटी रंगवून देह नाशवंत असल्याचे सुचवीत. सेझानची फळे असा उपदेश करीत नाहीत. तो इतका सावकाश रंगवी की समोरची फळे कुजून जात. माणसांनीही सफरचंदासारखे निश्चल बसावे, असा त्याचा हट्ट असे. १८९९ च्या सुमाराचे त्याचे ‘सफरचंदे आणि संत्री’ हे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. त्यात पांढऱ्या कापडावरची फळे आता घरंगळतील असे वाटते, तरी ती एकमेकांना धरून आहेत.

१९०२ मध्ये झोला वारला, तेव्हा सेझान ढसढसा रडला असे सांगतात. ऑक्टोबर १९०६ मध्ये उघड्यावर चित्र काढताना त्याला वादळाने गाठले आणि थोड्याच दिवसांत न्यूमोनियाने त्याचा अंत झाला.

ती फळे म्हणजे मैत्रीचेच प्रतीक, असे मी म्हणणार नाही. जाणकारांत त्याविषयी मतभेद आहेत. पण वडिलांशी मोकळे न बोलणारा, माणसांना बिचकणारा हा मनुष्य सफरचंदांपुढे दिवसचे दिवस बसे. माणसांशी त्याला जमले नाही, ते सारे त्याने त्या बशीपाशी केले, असे मला वाटते.