विश्लेषण : पोलीस आणि वर्तमानपत्रांचे दावे तपासायचे कसे? आयडा वेल्स यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी काय केले?

मे २०२० मध्ये पुलित्झर पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा एक विशेष सन्मान ८९ वर्षांपूर्वी निधन झालेल्या महिला पत्रकाराला देण्यात आला. त्यांचे नाव आयडा बी. वेल्स. तीनच आठवड्यांनी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. प्रकृती बिघडून मृत्यू झाला, असा त्याचा सूर होता. रस्त्यावरच्या एका मुलीने मोबाइलवर चित्रीकरण केले नसते, तर ते निवेदनच बातमी म्हणून राहिले असते. वेल्स यांच्याकडे मोबाइल नव्हता. वर्तमानपत्रांची कात्रणे मात्र होती, आणि तीही बरीचशी गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांची.

सोळाव्या वर्षी घराचा भार

आयडा यांचा जन्म १६ जुलै १८६२ रोजी मिसिसिपी राज्यातील हॉली स्प्रिंग्ज येथे झाला. तेव्हा तिथे गुलामगिरी होती. वडील सुतार, आई स्वयंपाकीण. १८७८ मध्ये पीतज्वराच्या साथीत आई, वडील आणि तान्हा भाऊ दगावले. उरलेल्या भावंडांसाठी सोळा वर्षांच्या आयडा शिक्षिका झाल्या. पुढे त्या टेनेसीतील मेम्फिसला आल्या. रेल्वेच्या महिला डब्यातून कंडक्टर त्यांना बाहेर खेचू लागला तेव्हा त्या त्याच्या हाताला चावल्या आणि नंतर कंपनीवर खटला भरला. १८८४ मध्ये त्यांना ५०० डॉलर भरपाई मंजूर झाली. १८८७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

एका दुकानाने डोळे कसे उघडले?

मेम्फिसमध्ये त्या ‘फ्री स्पीच’ या वृत्तपत्राच्या संपादक आणि भागीदार होत्या. तोवर त्यांचाही एक समज होता, आणि तो त्यांनी पुढे स्वतःच कबूल केला. झुंडीने कुणाला मारणे बेकायदा खरे, पण मारला जाणारा बलात्कारीच असावा, असे त्यांनाही वाटत असे. वर्तमानपत्रे तसेच छापत होती.

९ मार्च १८९२ रोजी हा समज मोडला. टॉमस मॉस हे त्यांचे स्नेही पोस्टमन होते. जोडीदारांसह त्यांनी काढलेल्या किराणा दुकानामुळे शेजारच्या गोऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटले होते. एका रात्री शेरीफची माणसे साध्या वेशात दुकानावर आली. झुंड आली असे समजून आतल्यांनी गोळ्या झाडल्या आणि त्यात काही जण जखमी झाले. शहरातील वर्तमानपत्रांनी हे दुकान म्हणजे गुंडांचा अड्डा असल्याचे चित्र रंगवले. मॉस, मॅकडॉवेल आणि स्टुअर्ट या तिघांना तुरुंगातून ओढून शहराबाहेर ठार करण्यात आले. या प्रकरणात बलात्काराचा आरोप कुठेच नव्हता.

वेल्स यांनी इतर प्रकरणे उकरायला सुरुवात केली. मे महिन्यात त्यांचा अग्रलेख आला आणि जमावाने छापखाना फोडला. त्या वेळी त्या पूर्वेकडील राज्यांच्या दौऱ्यावर होत्या. परतलात तर जीव जाईल, असे निरोप आल्याने त्या न्यूयॉर्कमध्येच राहिल्या.

आकडे गोऱ्यांचेच का घेतले?

वेल्स यांच्या कामाचा गाभा इथे आहे. कृष्णवर्णीयांनी गोळा केलेली माहिती पक्षपाती म्हणून झटकली जाणार, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी ‘शिकागो ट्रिब्यून’ने छापलेल्या वार्षिक याद्या घेतल्या. आठ वर्षांतील ७२८ झुंडबळींपैकी केवळ एक तृतीयांश जणांवर बलात्काराचा नुसता आरोप तरी होता, हे त्यांनी १८९२ च्या पुस्तिकेत दाखवले. आरोप खरा होता की खोटा, हा प्रश्न त्यानंतरचा. १८९५ च्या ‘अ रेड रेकॉर्ड’मध्ये वर्षवार आणि कारणवार तक्ते आहेत. एकट्या १८९२ मध्ये २४१ बळी गेले, त्यांतील १६० कृष्णवर्णीय होते. कारणांच्या रकान्यात गोऱ्यांचा अपमान, देवीची साथ पसरवणे, कारण अज्ञात आणि काहीच गुन्हा नाही, अशाही नोंदी आहेत.

या पद्धतीची मर्यादाही उघड आहे. जी हत्या बातमी झाली नाही ती यादीत नाही, आणि कारणाचा रकाना बहुधा मारणाऱ्यांच्या तोंडचा. पण वेल्स त्या रकान्याला पुरावा मानतच नव्हत्या. मारणाऱ्यांची स्वतःची सबबही टिकत नाही, एवढे दाखवायला तो पुरेसा होता. (आजही वेगळे नाही. पोलिसांच्या गोळीने किती जण मरतात, याचा पूर्ण सरकारी आकडा अमेरिकेत नसल्याने ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०१५ पासून स्वतः मोजणी सुरू केली. एफबीआयच्या नोंदीत त्यांतील निम्मे मृत्यूही नव्हते.)

थेट पोलिसांवर बोट कधी ठेवले?

जुलै १९०० मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये रात्री पायरीवर बसलेल्या दोन कृष्णवर्णीयांना पोलिसांनी हटकले. झटापट झाली, गोळ्या सुटल्या. त्यांतील रॉबर्ट चार्ल्स निसटला. पुढच्या चार दिवसांत त्याने अनेक पोलिसांना मारले आणि अखेर तोही मारला गेला. दरम्यान जमावाने संबंध नसलेल्या कृष्णवर्णीयांचे बळी घेतले. वर्तमानपत्रांनी चार्ल्सला अट्टल गुन्हेगार ठरवले.

वेल्स यांनी त्याच शहरातील ‘टाइम्स-डेमोक्रॅट’ आणि ‘पिकायून’चे वृत्तांत शेजारी ठेवून वाचले. अटकेचे वॉरंट नव्हते आणि बसण्यापलीकडे दोघांनी काही केले नव्हते, हे त्या वृत्तांतांतूनच निघत होते. चार्ल्सला ओळखणाऱ्यांकडूनही त्यांनी माहिती मिळवली. तीत गुन्हेगारी आयुष्याचा मागमूस नव्हता.

आपल्याच लोकांची पत्रे

मला त्यांच्या कामातील सर्वांत अवघड प्रसंग १९०९ चा वाटतो. तोवर शिकागोतील वकील फर्डिनंड बार्नेट यांच्याशी लग्न होऊन त्या चार मुलांच्या आई झाल्या होत्या. इलिनॉयमधील कैरो गावात खुनाचा संशयित विल्यम जेम्स याला झुंडीने मारले. तेथील १९०५ च्या कायद्यानुसार कैदी असा गमावणाऱ्या शेरीफचे पद जात असे. शेरीफ फ्रँक डेव्हिस यांनी पद परत मागितले आणि त्यांच्या बाजूने गावातील कृष्णवर्णीयांचीच पत्रे गव्हर्नरकडे गेली. बचावासाठी याहून भक्कम कागद कोणता?

वेल्स कैरोला गेल्या आणि लोकांना भेटल्या. शेरीफने कृष्णवर्णीयांनाही हाताखाली नेमले होते, म्हणून लोक त्यांना आपला माणूस मानत होते. पत्रांत कृतज्ञता होती; कैद्याला वाचवायला शेरीफने काय केले, याचे उत्तर नव्हते. ते वेल्स यांनी घटनाक्रमातून शोधले, गावकऱ्यांकडून फेरनेमणुकीविरुद्ध ठराव करून घेतला आणि सुनावणीत वकिलांसमोर बाजू मांडली. गव्हर्नर डेनीन यांनी शेरीफला पद परत दिले नाही.

दहा वर्षांनी आर्कान्सासमधील एलेन परिसरात अर्धेलीने कापूस पिकवणाऱ्यांनी संघटना केली, तेव्हा रक्तपात झाला. गोऱ्यांच्या कत्तलीचा कट होता, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे. १२ शेतकऱ्यांना फाशीची शिक्षा झाली. वेल्स त्यांच्या बायकांबरोबर नातेवाईक म्हणून तुरुंगात शिरल्या, जबान्या टिपल्या आणि कुणाचा किती कापूस गेला याचा हिशेब छापला. पुढे १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील सहा जणांच्या बाजूने निकाल दिला आणि १९२५ पर्यंत बाराही जण सुटले.

२५ मार्च १९३१ रोजी शिकागोत वेल्स यांचे निधन झाले. आत्मचरित्र लिहिणे चालूच होते. मुलगी अल्फ्रेडा डस्टर यांनी ते १९७० मध्ये प्रसिद्ध केले. त्याचे शेवटचे वाक्य मध्येच तुटलेले आहे.