४५ रुपयांचा मास्तर आणि ३२ एकरांचं माळरान

शेवटच्या वर्षाला आलं की हॉस्टेलमध्ये दोनच विषय असतात. पहिला प्लेसमेंट, आणि दुसरा रात्री दोननंतर सुरू होणारा, म्हणजे ‘आपलं स्वतःचं काहीतरी करू या’. दुसऱ्या विषयावरची चर्चा सकाळच्या लेक्चरपर्यंत टिकत नाही, कारण शेवटी गाडी एकाच ठिकाणी येऊन अडते. भांडवल कुठून आणायचं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला सिलिकॉन व्हॅलीत जायची गरज नाही. भिसेगावातून कर्जत स्टेशनवर या. कोल्हापूरकडे जाणाऱ्या ज्या गाड्या इथून घाट चढतात, त्या वाटेत किर्लोस्करवाडी नावाच्या स्टेशनवरून जातात. हे स्टेशन ज्यांच्या नावाचं आहे, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची ही गोष्ट.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथे झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक, पण मुलाचं लक्ष चित्रं आणि यंत्रं यांच्यात. थोरले बंधू रामुअण्णा यांनी खर्चाचा भार उचलला आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराच्या दृष्टीने संपलाच की विषय! पण यांत्रिक ड्रॉइंगला रंग लागत नाहीत, रेषा लागतात. त्यांनी तो विषय धरला आणि त्याच बळावर व्ही. जे. टी. आय.मध्ये शिक्षकाची नोकरी मिळवली. पगार महिना ४५ रुपये. शिकवून झालं की ते संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जायचे, मशीन कसं चालतं, कुठे अडतं ते हाताने करून पाहायचे. म्हणजे मास्तर शिकवत होते आणि शिकतही होते.

पहिला धंदा : सायकल

१८८८ साली दोघा भावांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पाटीवर नाव ‘किर्लोस्कर ब्रदर्स’. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडत, रामुअण्णा बेळगावात त्या विकत. त्या काळी सायकल ही श्रीमंतांची हौस होती, किंमत ७०० ते १००० रुपये. म्हणजे एक सायकल घ्यायला मास्तरांचा सव्वा ते जवळपास दोन वर्षांचा पगार गेला असता! शिवाय रामुअण्णा सायकल चालवायला शिकवायचे, त्याची फी १५ रुपये.

इथे थोडं थांबून हिशेब करा. एका माणसाला शिकवण्याची फी म्हणजे मास्तरांच्या महिन्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा, आणि त्यात माल अडकत नाही. आज आपण ज्याला सर्व्हिसचं उत्पन्न म्हणतो, ते हेच. दुसरी गोष्ट अशी की दुकान सुरू झालं तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडलेली नव्हती. पगार घर चालवत होता आणि धंदा स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकत होता.

पुढे नोकरीत बढतीची वेळ आली आणि ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. अपमान झाला म्हणून रागाने नोकरी सोडणारे खूप असतात, पण जायला आधीच बांधलेलं ठिकाण असणारे थोडे. लक्ष्मणराव त्या थोड्यांपैकी होते.

नांगर विकला जाईना

बेळगावात त्यांनी छोट्या कारखान्यात कडबा कापण्याचं यंत्र बनवलं, मग लोखंडी नांगर. विलायती लोखंडी नांगर तोवर आलेले होते, पण साध्या शेतकऱ्याला ते परवडण्याजोगे नव्हते. आपला नांगर स्वस्त आणि चांगला, तेव्हा लोक उड्या मारतील, असं आपल्याला वाटेल. झालं उलटंच. लोखंडाने जमिनीत विष उतरतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली!

बरं, सगळा दोष समजुतीचा होता असंही नाही. फाळाचं टोक विलायती नांगराइतकं टणक नाही, अशी जाणत्या गिऱ्हाइकाची तक्रार आली. आपण मटेरियल सायन्समध्ये शिकतोच की ओतीव लोखंडाचा टणकपणा ते साच्यात कसं थंड होतं यावर ठरतो. लक्ष्मणरावांना हे शिकवायला पुस्तक नव्हतं, परत आलेला नांगर होता. त्यांनी तक्रार मनाला लावून घेतली नाही, कामाला लावली. टोक सुधारलं आणि मग गिऱ्हाईक टिकलं. अडाणी समजुतीवर उपाय म्हणजे धीर, आणि खऱ्या तक्रारीवर उपाय म्हणजे दुरुस्ती. कुठली कुठली आहे हे ओळखता आलं, तर निम्मा धंदा जमला म्हणायचं.

कारखान्याखालची जमीनच गेली

जम बसतोय असं वाटत असताना नगरपालिकेने शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा खाली करायला सांगितलं. मशिनं आहेत, माणसं आहेत, बायको-मुलं आहेत, आणि जायला जागा नाही. वय चाळीस. मित्रांनो, विचार करा, कितीजण या ठिकाणी परत नोकरी शोधायला लागले असते?

याच सुमारास लक्ष्मणरावांनी औंध संस्थानात यमाई देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचं काम घेतलं होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हा माणूस कसं काम करतो ते डोळ्यांनी पाहिलं होतं. अडचण कळल्यावर त्यांनी दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन. जमीन म्हणजे निव्वळ निवडुंग आणि साप असलेलं माळरान. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली.

आता कोणी म्हणेल, आम्हाला कुठला राजा भेटायला? मुद्दा रास्त आहे, आणि तो झाकून ठेवायचं कारण नाही. कर्जतला राहणाऱ्यांना हे जास्त चांगलं समजेल. घाट चढायला गाडीला मागून बँकर इंजिन लावतात, त्यात गाडीचा कमीपणा नाही. पण बँकर लागतो तो कर्जतपर्यंत स्वतःच्या जोरावर आलेल्या गाडीलाच. औंधची मदत आली तेव्हा ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ला २२ वर्षं झाली होती.

माणसं आणि टंचाई

माळावर पगार भरपूर मिळणार नव्हता, म्हणून नावाजलेली माणसंही मिळणार नव्हती. लक्ष्मणरावांनी सर्टिफिकेट बघितलं नाही, हात बघितला. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इथे कल्पक इंजिनीअर ठरले. मंगेशराव रेग्यांनी हिशेब सांभाळले, शंभोराव जांभेकर खांद्याला खांदा लावून उभे राहिले, रामुअण्णांनी वसाहतीची आखणी केली. ज्यांना दरोडेखोर म्हणून लोक घाबरत, अशा माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं!

१९१४ साली महायुद्ध सुरू झालं. परदेशी नांगर यायचे थांबले आणि मागणी वाढली, पण लोखंड आणि दगडी कोळसा दोन्ही मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळवून त्या वितळवल्या, आणि भट्टीसाठी लाकडी कोळसा वापरला. तोफांचे नांगर झाले!

१९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ लिमिटेड कंपनी झाली. पाहा, शेअर काढून बाहेरचं भांडवल घ्यायला १८८८ पासून ३२ वर्षं लागली. त्याच साली घराण्यातल्या शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केलं. पुढे अमेरिकेतल्या एम.आय.टी.मध्ये शिकून आलेले पुत्र शंतनुराव कारखान्यात रुजू झाले आणि पंप, इंजिनांपर्यंत मजल गेली. १९४८ च्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचं मोठं नुकसान झालं. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते गेले.

जाता जाता

यातून आपण काय घ्यायचं? पगार चालू असताना छोटा धंदा सुरू करा. माल विकता येत नसेल तर कौशल्य विका. परत आलेला माल हा सर्वांत स्वस्त शिक्षक समजा. हातातलं काम असं करा की पाहणाऱ्याला तुमच्यावर पैसे लावावेसे वाटतील. आणि पहिली दोन वर्षं काहीच विकलं गेलं नाही तर घरी काय सांगायचं, हे सुरू करण्याआधीच घरच्यांशी बोलून ठेवा. लक्ष्मणरावांच्या पाठीशी रामुअण्णा होते. तुमचा रामुअण्णा कोण, ते आधी शोधा. बहुधा तो तुमच्याच रूमवर, समोरच्या कॉटवर झोपलेला असेल!